खलाशासाठी खुर्ची

माझ्या अभ्यासाच्या खोलीत दोन खुर्च्या आहेत आणि मी त्यातल्या एकीवरही बसत नाही. मला बसवतच नाही. जन्मभर फिरत फिरत शिकवलं, फिरत फिरत वाचलं. जेवायला बसतो तेही सुमन, म्हणजे बायको, ओरडते म्हणून. दिवाळी अंकाच्या संपादकबाई फोनवर म्हणाल्या, "सर, आता निवांत बसून नोकरीतले अनुभव लिहा." मी हो म्हणालो आणि फोन ठेवल्या ठेवल्या गल्लीत एक चक्कर मारून आलो. हा मजकूरही खिडकीच्या फळीवर कागद ठेवून उभ्याउभ्याच लिहितोय. मध्ये कुठं धांदल दिसली तर सांभाळून घ्या.

मी अरबीचा मास्तर. गाव वाटूर, घर शेतकऱ्याचं. वडील निजामाच्या अमदानीत उर्दूतून शिकलेले. मरेपर्यंत ते स्वतःशी पुटपुटायचे उर्दूत आणि बैलांना शिव्या द्यायचे मराठीत. त्यांच्या उर्दूचं बोट धरून मी अरबीत घुसलो आणि पुढं जालन्याच्या एका कॉलेजात तीच भाषा शिकवत म्हातारा झालो. वाटूर फाट्यावर एस.टी.तून उतरलो की चहाच्या टपरीवरून आजही हाक येते, "अरबी सर, या!" आणि कुणीतरी खिशातून काहीतरी वाचायला काढतंच. खजुराचा डबा, अत्तराची बाटली, आखातातून भाच्यानं पाठवलेलं गुडघ्याचं मलम.

अंकुशनगरच्या साखर कारखान्यातले एक फिटर होते. त्यांनी एकदा मला मुद्दाम घरी नेलं. भिंतीवर काचेच्या चौकटीत एक अरबी चिठ्ठी, वर ताजा हार. कुणा नातेवाइकानं तिकडून आणलेल्या ब्लँकेटमध्ये ती निघाली होती आणि ती लावल्यापासून घरात भांडण नाही, असं वहिनी सांगत होत्या. मी वाचलं. लिहिलं होतं, थंड पाण्यात धुवा, पिळू नका, इस्त्री करू नका. दोघं माझ्या तोंडाकडे बघत उभे. मी म्हणालो, "फार चांगलं लिहिलंय. सांभाळून ठेवा." संसाराला तो सल्ला काही वाईट नव्हता.

पण माझं खरं काम हे नव्हे. माझं काम म्हणजे आधुनिक अरबी कवितेतल्या प्रतीकात्म पात्रांचं मनोविश्लेषण. हसा, खुशाल हसा. जालना म्हणजे बियाणं, लोखंड आणि मोसंबी. या गावात मी हे वाक्य ज्याला ज्याला ऐकवलं, त्यानं आधी माझ्याकडे आणि मग घड्याळाकडे पाहिलं. आमच्या गल्लीतले शेठजी, चार पिढ्यांपूर्वी मारवाडातून आलेल्या घरातले, मला दर दिवाळीला विचारायचे, "सर, जो माणूस हैच न्हाई, त्याच्या डोक्यात काय चाल्लंय हे शोधून तुम्हाला काय भेटतं?" प्रश्न बराबर होता. उत्तर द्यायला मला नोकरीची सगळी वर्षं लागली.

साधं करून सांगतो. तिकडचा नवा कवी सहसा सरळ 'मी' म्हणत नाही. कधी राज्यकर्त्याची भीती असते, कधी स्वतःचीच. मग तो जुन्या गोष्टीतलं एखादं माणूस उचलतो. समुद्रावर गेलेला आणि परत न आलेला खलाशी, भावांनी विहिरीत ढकललेला मुलगा, पेंगुळलेला पहारेकरी. त्याच्या तोंडून कवी बोलतो. याला तिकडे मुखवटा म्हणतात. आता मुखवटा झाकण्यासाठी असतो हे कुणालाही कळतं. आमचा धंदा असा की, झाकता झाकता उघडं काय पडलं ते बघायचं. स्वप्नात आपण नाही का दोन माणसांचं एक करत, ज्याची भीती त्याला भलतंच रूप देत, आणि जे बोलायचं नाही त्याच्याभोवती घिरट्या घालत? कवितेतलं पात्रही तसंच वागतं. ते कशाबद्दल बोलतं यापेक्षा कशाबद्दल अजिबात बोलत नाही, हे आम्ही आधी विचारतो.

यात एक मोठा धोका आहे आणि तो मला इम्रान नावाच्या विद्यार्थ्यानं शिकवला. भोकरदनचा पोरगा, हुशार, पण मनोविश्लेषणाचं एक पुस्तक वाचून आला आणि त्याला जिकडे तिकडे बाप दिसायला लागला. चंद्र म्हणजे बाप. वाळवंट म्हणजे बाप. खजुराचं झाड म्हणजे उभा बाप. एके दिवशी माझ्या घरी येऊन म्हणाला, "सर, हा जो उंट है ना..." माझं डोकंच फिरलं. मी खुर्ची ओढली, खोलीच्या मध्ये ठेवली आणि म्हणालो, "बस इथं. तू उंट. बोल." तो बावचळला. "काय बोलू सर?" "उंटाला काय वाटतं ते बोल. 'मी' म्हणून बोल." शेवटी तो म्हणाला, "सर, मला तहान लागलीय." "मंग बाप कुठाय?" "न्हाई सर. नुसती तहान है." कवितेत खरोखरच उंट कोरड्या विहिरीपाशी उभा होता. इम्रान खाली उतरला आणि त्यानं ती ओळ मला दाखवली. दोघंही इतके हसलो की सुमन बघायला आली.

तेव्हापासून माझी रीत ठरली. पात्राला खुर्ची द्यायची. विद्यार्थ्यानं तिथं बसून पात्र होऊन 'मी' म्हणत बोलायचं, मनात येईल ते. मग खाली उतरायचं आणि जे बोललो त्याला कवितेत ओळ शोधायची. ओळ सापडली तर प्रबंधात घ्यायचं, नाही सापडली तर सोडून द्यायचं, कितीही लाडकं असलं तरी. आणि दुसरा नियम माझ्यासाठी. मी पात्र वाचायचं, विद्यार्थी वाचायचा नाही. खुर्चीवरून कुणी काय बोललं आणि त्याच्या घरी काय चाललंय, याची गाठ मी कधी मारली नाही. हा नियम माझ्या शेवटच्या विद्यार्थिनीपर्यंत टिकला.

शाहीन अंबडची. तिथल्या एका उर्दू शाळेत शिक्षिका. घरी सासू आणि लहान मुलगी. नवरा सलीम आखातात वातानुकूलन यंत्रं दुरुस्त करणारा, लग्नानंतर लगेच गेलेला आणि सुट्टीपुरता येणारा. मी निवृत्त झालो तरी तिचं मार्गदर्शन माझ्याकडेच राहिलं होतं. शनिवारी शाळा सुटली की एस.टी. धरून जालन्याला यायची. सासूबाई तिला 'डाक्टरनी' म्हणत. पदवी मिळायच्या कितीतरी आधीपासून शेजारणींना सांगत, "हमारी डाक्टरनी आज जालना गयी." त्यांनी सुनेसाठी काय काय ओढलं हे शाहीन फार कौतुकानं सांगायची. पोरीचं जेवण, शाळेचं आणणं-नेणं, सगळं त्यांच्याकडे.

तिचा विषय होता परत न येणारा खलाशी आणि किनाऱ्यावर त्याची वाट बघणारी बाई. नव्या अरबी कवितेत ही जोडी फार. खलाशी म्हणजे कवी स्वतः, घराबाहेर पडलेला, तडफडणारा. आणि बाई म्हणजे आई, माती, मायदेश. सगळे अभ्यासक हेच सांगतात. मीही माझ्या प्रबंधात हेच सांगितलं होतं, आणि जरा ऐटीतच सांगितलं होतं.

एका शनिवारी मी शाहीनला म्हणालो, "खलाशी पुष्कळ झाला. आज ती बाई हो." ती खुर्चीवर बसली, पदर सारखा केला. मी खिडकी ते दार अशा येरझाऱ्या घालत विचारलं, "काय करताय?"

"किनाऱ्यावर बसलेय."

"कुणाची वाट बघताय?"

 मी दोन चकरा मारल्या. मग ती अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "वाट बघून न्हाई राह्यले मी. राखण करून राह्यले. तो आला तर दिसावा म्हणून बसलेय. दिसला की आत जाऊन दार लावता येईल."

मी थांबलो. माझ्यासारख्या माणसाचं थांबणं म्हणजे काय हे सुमनला विचारा. शाहीन खुर्चीवरून उतरली, तिचा चेहरा उतरला होता. म्हणाली, "काहीतरीच बोलले सर मी."

"बोललीस ते बोललीस. ओळ आण."

ओळ काही मिळेना. आठवडेच्या आठवडे गेले. खलाशी कवितेत वादळावर बोलत होता, बेटांवर बोलत होता, माशांवर बोलत होता. बाई एक शब्द बोलत नव्हती. मी म्हणायला लागलो, सोड हे, नेहमीचं लिही, प्रबंध अडकून राहील. आणि एका दुपारी तिचा फोन आला. मागून अंबडच्या बसस्टँडचा गोंगाट, कंडक्टरच्या आरोळ्या, आणि ही ओरडतेय, "सर, कडी! कडी!"

तिला सापडलं होतं. एका कवितेत बाई तिन्हीसांजेला खिडकीत दिवा ठेवते. पुढच्याच ओळीत वारा दारावर आपटतो आणि कडी थरथरते. आम्ही सगळ्या पंडितांनी ती कडी वादळाच्या खात्यात टाकून दिली होती. शाहीन म्हणाली, "सर, कवीनं आतली कडी म्हटलंय. आतली! ज्याला बोलवायचं त्याच्यासाठी दिवा लावला, मंग दाराला आतून कडी कशाला घातली?" मी फोन कानाला धरून सगळ्या घरातून फिरलो. अशा आणखी जागा तिनं मग भराभर काढल्या. एकीत बाई नाव बांधायचा दोर गुंडाळून ठेवते, एकीत धक्क्याकडे पाठ करून जाळं विणत बसते. कवी तिला आई म्हणत होता, माती म्हणत होता, कारण तिचा राग त्याला बघवत नव्हता. शेवटचं प्रकरण तिनं यावर लिहिलं. खोटं कशाला बोलू, मला हेवा वाटला. एवढी वर्षं मी त्या दिव्याकडे बघत राहिलो आणि कडी मला दिसली नव्हती.

प्रबंध सादर झाला. परीक्षकांचे अहवाल आले. मौखिक परीक्षा ठरली, आणि त्याच सुमाराला एका शनिवारी ओट्यावर चपला घालता घालता शाहीन म्हणाली, "सर, यांचं तिकडचं काम संपलं. परीक्षेनंतर कायमचे येऊन राह्यलेत."

"अरे वा! आनंदाची गोष्ट."

"हौ ना सर. बराबर है." दुसरी चप्पल घालायची ती विसरली. "वाईट न्हाईत हो ते. बिलकुल न्हाईत. कधी वाकडा शब्द न्हाई. पण घरात आता माझी एक जागा झालीय. माझा टेबल, माझा टाइम. मी कधी वाचते, कधी स्वैपाक करते, कुणी विचारत न्हाई. ते आले की ती जागा परत मागावी लागंल का, कळून न्हाई राह्यलं. मागच्या टायमाला आल्ते तर अर्धी सुट्टी टाकून गेले, कंपनीनं जल्दी बोलावलं म्हणे. आणि सर, मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. मंग इतकी लाज वाटली स्वतःची."

माझा दुसरा नियम तिथंच मोडला. खुर्चीवरून कोण बोललं होतं ते मला तेव्हा कळलं आणि ते मला नको होतं. मी काहीबाही बोललो, होईल सगळं ठीक वगैरे. ती म्हणाली, "अम्मी येणार परीक्षेला. त्यांच्यासमोर हे प्रकरण कसं बोलू? त्या बाईचं ऐकून त्यांना वाटंल, आपल्या पोराबद्दलच बोलून राह्यली."

यावर मात्र माझ्याकडे उपाय होता. मौखिक परीक्षा खुली असते. कुणीही येऊन बसावं. आमच्याकडे तर घरदार येतं, पेढ्यांचे डबे येतात, आजी पहिल्या रांगेत बसून झोपते. तास-दीड तास भलत्या भाषेत चाललेलं बोलणं मंडळी शांतपणे ऐकून घेतात आणि शेवटी टाळ्या वाजवतात. मी म्हणालो, "अगं, अरबीत बोल. सगळंच्या सगळं अरबीत. अम्मींना आवाज ऐकू येईल तुझा, तेवढंच त्यांना हवंय." आम्ही दोघंही आमच्या हुशारीवर खूश झालो. अरबी ही आमच्या मुलखात लपायला फार चांगली जागा आहे.

परीक्षेच्या दिवशी विद्यापीठाच्या जिन्यावर मी वर-खाली करत असताना अम्मी आल्या. नवीन साडी, हातात पेढ्यांचा डबा. त्यांच्यामागून एक उंच, उन्हानं रापलेला माणूस बॅगा घेऊन येत होता. अम्मींनी मोठ्या हौसेनं ओळख करून दिली, "सर, हमारा सलीम. सीधा विमान से आया. बोला, डाक्टरनी का इम्तिहान देखूंगा." सलीमनं मला वाकून सलाम केला. शाहीन माझ्या शेजारी उभी होती आणि तिच्या ओठांवर रंग नव्हता.

त्या भरगच्च हॉलमध्ये अरबी बोलीभाषा रोज जगलेला एकच माणूस होता. अम्मींपासून लपवायचं म्हणून आम्ही नेमकी त्याचीच भाषा निवडली होती. आखातातला माणूस अरबी जाणतो, एवढी साधी गोष्ट आम्हा दोघा अरबीच्या विद्वानांच्या ध्यानात आली नव्हती, कारण तो त्या दिवशी येईल असं आमच्या मनातच नव्हतं.

शाहीननं मला व्हरांड्यात गाठलं. "सर, शेवटचं प्रकरण गाळून टाकू का? परीक्षकांनी विचारलं तर मोघम सांगते. आई, मायदेश, तुमचंच."

मी टोकापर्यंत गेलो आणि परत आलो. परीक्षक उत्तरेकडचे, वयानं मोठे, खडूस म्हणून नाव असलेले. त्यांच्या अहवालात या प्रकरणावर तीन कडक प्रश्न होते. मोघम बोलली असती तर त्यांनी प्रबंध दुरुस्तीला परत पाठवला असता. आणि खरं बोलली असती तर मागच्या रांगेत सलीम होता.  जन्मभर जे विचारत आलो तेच तोंडातून निघालं.

"तुझ्याकडे ओळ आहे का?"

"है सर."

"मंग बोल."

हा सल्ला मी प्रबंधासाठी दिला की तिच्यासाठी, हे मला अजून सांगता येत नाही.

ती चांगली बोलली. खलाशाबद्दल, मुखवट्याबद्दल, सगळं अरबीत. परीक्षक माना डोलवत होते. मग त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "तुम्ही म्हणता ही बाई वाट बघत नाही. मग दिवा कुणासाठी?"

शाहीननं एकदा मागच्या रांगेकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही मागं फिरणार. पण सवय वाईट असते. तिनं समोरची रिकामी खुर्ची पकडली, बसली नाही, पाठीवर नुसता हात ठेवला, आणि 'मी' म्हणून बोलायला लागली. "दिवा गावासाठी आहे. गावानं म्हणावं, ही वाट बघतेय. कडी माझ्यासाठी आहे. तो गेला तेव्हा मी नुसती किनारा होते. तो नसताना मी घर झाले. आता तो आला तर मला पुन्हा किनारा व्हावं लागेल का, ते मला माहीत नाही. म्हणून कडी." आणि मग एकेक ओळ तिनं पान क्रमांकासह पुढं ठेवली.

परीक्षकांनी ती सगळी पानं स्वतः उलटून पाहिली. मग त्यांनी चष्मा घातला आणि अध्यक्षांकडे पाहून मान हलवली. अम्मी कौतुकानं सुनेकडे बघत होत्या. मी मागं बघायचं टाळत होतो.

शेवटी अध्यक्ष रीतीप्रमाणे म्हणाले, "श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचं आहे?" हा प्रश्न म्हणजे टाळ्यांची खूण असते. माझ्या सगळ्या नोकरीत त्यावर कुणी हात वर केलेला मी पाहिला नव्हता. सलीम उठून उभा राहिला.

तो अरबीत बोलला. पुस्तकी अरबी नव्हे. गोदामातली, गच्चीवरच्या यंत्रांपाशी मुकादमाशी बोलायची, मोडकी-तोडकी, निम्मी उर्दू मिसळलेली. आमचे दोन प्राध्यापक ओशाळून खाली बघायला लागले. तो म्हणाला, "मला पुस्तकातलं सगळं कळलं न्हाई, अर्धं कळलं. हा खलाशी वादळाचं बोलतो. बेटांचं बोलतो. घरी का येत न्हाई ते बोलत न्हाई. त्याला कुणी विचारलं का?"

 परीक्षक खुर्चीत पुढं सरकले. शाहीन त्याच्याकडे बघत म्हणाली, "नाही. मी विचारलं नाही. प्रबंधात ते नाही."

"शुक्रिया," सलीम म्हणाला आणि खाली बसला.

पदवी जाहीर झाली, टाळ्या झाल्या. परीक्षक मला म्हणाले की, आजचा सगळ्यात चांगला प्रश्न शेवटच्या रांगेतून आला, यावर पुढं कुणीतरी काम करायला हवं. अम्मींनी शिपायापासून कुलगुरूंच्या ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना पेढे वाटले. जेवताना सलीम माझ्यासमोरच बसला होता. त्यानं मला दोनदा वरण वाढलं आणि एक शब्द बोलला नाही.

मग सुरू झाली माझी घालमेल. शनिवार आला, शाहीन यायचं कारण उरलं नव्हतं, तरी मी एस.टी.च्या वेळेला फाटकापाशी. फोन करावा तर काय विचारावं? संसार ठीक चाललाय ना, असं विचारणारा मी कोण? सारखं वाटायचं, मोघम बोलायला सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? दुरुस्त्या करून पुन्हा सादर केला असता प्रबंध. एका कडीसाठी मी कुणाच्या दाराला कडी घातली तर नाही? सुमन म्हणाली, "अहो, फरशी झिजली. त्या खुर्चीला तरी सुट्टी द्या आता, नाहीतर स्वतः बसा तिच्यावर आणि बोला एकदा काय होतंय ते."

मी नाही बसलो. माझ्याकडे ओळ नव्हती.

पावसाळा संपत आला होता. एका शनिवारी, त्याच वेळेला, फाटक वाजलं. शाहीन आणि सलीम. शाहीनच्या हातात मोसंबीची पिशवी. सुमननं पाणी दिलं, पोरीची, अम्मींची चौकशी झाली. सलीमनं अंबडच्या बाजारात फ्रीज दुरुस्तीचं छोटंसं दुकान टाकलं होतं. सगळं चांगलं चाललंय, असं दोघंही म्हणाले, आणि दोघंही दोन वेगवेगळ्या भिंतींकडे बघून म्हणाले.

मग शाहीन मला म्हणाली, "सर, हे घरी बोलत न्हाईत. किती विचारलं, काय झालं, त्या दिवशी काय म्हणायचं होतं. नुसतं 'काही न्हाई' म्हणतात. मी म्हटलं, सरांकडे चला. तिथं खुर्ची है."

सलीम ओशाळून हसला. "सर, मी कवितेतला माणूस न्हाई."

"इथं उंटसुद्धा बसून गेलाय," मी म्हणालो. मी खुर्ची खोलीच्या मध्ये ओढली. तो बसला, हात गुडघ्यांवर, डॉक्टरकडे बसतात तसा. शाहीन दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. मी येरझाऱ्या सुरू केल्या आणि विचारलं, "तुम्ही कोण?"

"खलाशी," तो म्हणाला. आणि मग मला वाटलं होतं त्यापेक्षा फार लवकर बोलायला लागला. "मी आल्तो सर. लोक म्हणतात आला न्हाई. मी आल्तो. सांगितल्याच्या एक दिवस आधी आल्तो, मजा करावी म्हणून. दुपारची वेळ. दार उघडंच होतं. कडी-बिडी काही न्हाई. आत ही वाचून राह्यली होती. मोठ्यानं. चालता चालता. आणि हसून राह्यली होती एकटीच. मी लग्नापासून हिला तसं हसताना पाह्यलं न्हाई. मला वाटलं, मी आत गेलो की हे बंद होईल. मी बॅग उचलली आणि परत बसस्टँडवर गेलो. जालन्यात दोस्ताकडे झोपलो. दुसऱ्या दिवशी टायमावर आलो, जसं ठरल्तं तसं. मंग घरात मन लागंना. रोज वाटायचं, हिचं वाचन अडलंय माझ्यामुळं. कंपनीनं बोलावलं न्हवतं सर. मीच गेल्तो."

मी चालायचं थांबलो होतो. शाहीन चौकटीपाशी ताठ उभी. तिचे डोळे भरले होते, पण आवाज आला तो परीक्षेतला.

"ओळ?"

सलीमला कळलं नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "इथं नियम आहे. जे बोललात त्याला पुरावा लागतो."

त्यानं स्वतःच्या पायांकडे पाहिलं. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "तुझ्या एकाच पायात चप्पल होती. दुसरी पोरीनं नेऊन अंगणातल्या बादलीत टाकल्ती. मी ती काढून उंबऱ्यावर ठेवली आणि गेलो."

शाहीनचा हात तोंडाकडे गेला. ती ओली चप्पल तिला आठवली असणार. ती अम्मींनी काढून ठेवली, असंच तिनं तेव्हा धरलं असेल. ती म्हणाली, "मंग आत यायचं ना."

 ती चौकट सोडून खोलीत आली, दुसरी खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर बसली. आता त्या खोलीत उभा असा मी एकटाच होतो. मी चहाचं निमित्त काढून स्वयंपाकघरात गेलो. चहा तयारच होता, तरी सुमनला म्हणालो, "राहू दे जरा, मुरू दे." आणि कोपऱ्यातला पाट ओढून भिंतीला टेकलो.

सुमन गॅस बंद करून माझ्याकडे बघत राहिली. "अगबाई," ती हळूच म्हणाली, "बसलात?"